ईम गावचे चर्च

इंग्लंडच्या मध्यभागी डर्बीशायर नावाचा डोंगराळ परगणा आहे आणि त्या डोंगरात ईम नावाचे एक गाव आहे. घरे दगडी, हवा थंड, आणि सतराव्या शतकात लोकांचे पोट शेतीवर, मेंढरांवर व डोंगरातल्या शिशाच्या खाणींवर चालत असे. गावात सेंट लॉरेन्सचे चर्च आहे. त्याच्या आवारात आठव्या शतकातला एक कोरीव दगडी क्रूस उभा आहे. म्हणजे आजची इमारत उभी राहण्याच्या कितीतरी आधीपासून लोक तिथे प्रार्थनेला जमत असले पाहिजेत. एरवी हे गाव इतिहासात यायचे काही कारण नव्हते. पण १६६५ च्या सप्टेंबरपासून १६६६ च्या नोव्हेंबरच्या आरंभापर्यंत या गावात प्लेग होता. सुमारे चौदा महिने! त्या चौदा महिन्यांत ईमच्या चर्चने काय केले, आणि त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे काय करायचे थांबवले, याबद्दल मी आज बोलणार आहे.

आधी एक गोष्ट समजून घ्यायला हवी. चर्च म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे रविवारची उपासना येते, घंटा येते, मेणबत्त्या येतात. त्या काळच्या इंग्लंडमध्ये चर्च म्हणजे एवढेच नव्हते. आपल्याकडे देऊळ वेगळे, चावडी वेगळी आणि कुलकर्ण्याचे दप्तर वेगळे. तिथे तिन्ही एकाच छपराखाली होती. एका चर्चच्या हद्दीत येणाऱ्या टापूला आपले ख्रिस्ती बांधव धर्मग्राम म्हणतात. इंग्रजी राज्यकारभाराचा सर्वांत खालचा पाया हा धर्मग्रामच होता. आठव्या हेन्रीचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याने १५३८ साली हुकूम काढला की प्रत्येक धर्मग्रामात एक नोंदवही असावी, आणि बाप्तिस्मा, लग्न व दफन यांची नोंद पाद्र्याने तीत करावी. पुढे १६०१ च्या कायद्याने गरिबांना पोसण्याचे कामही धर्मग्रामाकडे आले. चर्चचे कारभारी आणि गावातले काही बरे खाऊनपिऊन असलेले लोक मिळून गावकऱ्यांवर पट्टी बसवीत. त्या पैशांतून विधवेला आठवड्याचे काही, आजाऱ्याला काही मिळे, आणि पोरक्या मुलाला एखाद्या कारागिराच्या हाताखाली लावून देत.

हे ऐकायला बरे वाटते. पण १६६२ साली या व्यवस्थेला एक गाठ बसली. परगावचा गरीब माणूस येऊन राहिला आणि उद्या तो आपल्या पट्टीवर भार होईल अशी भीती वाटली, तर त्याला त्याच्या मूळ धर्मग्रामात परत धाडण्याची सोय कायद्याने झाली. माणूस कुठला, तर ज्या गावचे चर्च त्याला पोसायला बांधलेले आहे तिथला! बाकी सगळ्या जगाने त्याला हाकलले तरी चालेल. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे ‘ईमचे लोक गाव सोडून का गेले नाहीत’ असा प्रश्न येईल तेव्हा ती उपयोगी पडेल.

आता ईमचे पाद्री. इथे गोष्ट जरा गुंतागुंतीची आहे, कारण गावात पाद्री एक नव्हता, दोन होते. इंग्लंडात राजा आणि पार्लमेंट यांचे युद्ध चालू असताना, १६४४ साली, टॉमस स्टॅन्ली ईमला आले. ते प्युरिटन मताचे होते. सोळा वर्षे त्यांनी गावाची सेवा केली. गावातली किती मुले त्यांच्या हातून बाप्तिस्मा घेऊन मोठी झाली असतील! १६६० साली राजा परत गादीवर आला, तशी स्टॅन्ली यांची जागा गेली. १६६२ च्या कायद्याने फर्मावले की राज्याने ठरवून दिलेले प्रार्थनेचे पुस्तक जो पाद्री संपूर्ण मान्य करणार नाही त्याला चर्चमध्ये स्थान नाही. स्टॅन्ली यांनी मान्य केले नाही, आणि परतीची वाटही बंद झाली. पुढे १६६४ साली विल्यम मॉम्पेसन हे रेक्टर म्हणून आले. रेक्टर म्हणजे धर्मग्रामाचा मुख्य पाद्री. वय तिशीच्या आतले, केंब्रिजला शिकलेले, राजपक्षाचे, बायको कॅथरीन आणि दोन लहान मुले बरोबर. गाव त्यांच्याशी अंतर राखूनच वागले. यात नवल ते काय? गावच्या मनातला पाद्री अजून गावातच राहत होता.

कायदा तर याहूनही पुढे गेला. १६६५ च्या ऑक्टोबरात पार्लमेंटने ठरवले की अशा बडतर्फ पाद्र्यांनी, शपथ घेतल्याखेरीज, आपल्या जुन्या धर्मग्रामाच्या पाच मैलांच्या आत राहू नये. म्हणजे १६६६ सालच्या उन्हाळ्यात, ज्या वेळी ईमला स्टॅन्ली यांची सर्वांत जास्त गरज होती, त्या वेळी कायद्याच्या दृष्टीने ते पाच मैल लांब असायला हवे होते. ते गावातच होते.

प्लेग आला तो कापडाच्या गठ्ठ्यातून, असे गावाची परंपरा सांगते. १६६५ च्या उन्हाळ्यात लंडनमध्ये प्लेगने कहर केला होता. गावच्या शिंप्याकडे लंडनहून कापड आले. ते दमट होते म्हणून त्याचा मदतनीस जॉर्ज व्हिकर्स याने ते चुलाण्यापुढे वाळत घातले. ७ सप्टेंबर १६६५ रोजी त्याच्या दफनाची नोंद झाली. पाठोपाठ त्याच घरातला मुलगा गेला, मग शेजार. कापडात काय होते हे त्या वेळी कुणालाच ठाऊक नव्हते. दूषित हवा म्हणावी, की देवाचा कोप म्हणावा? त्याचा उलगडा व्हायला सव्वादोनशे वर्षांहून अधिक काळ जावा लागला आणि तो झाला आपल्या बाजूला. १८९८ साली पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने कराचीत प्रयोग करून दाखवले की प्लेग उंदरावरच्या पिसवेमार्फत पसरतो; आणि १९०५ नंतर प्लेग संशोधन आयोगाने मुंबईत, परळच्या प्रयोगशाळेत, ते पक्के केले. ईमच्या शिंप्याच्या घरात नेमके काय घडले असावे हे मुंबईच्या चाळींतल्या मेलेल्या उंदरांनी सांगितले, असे म्हणायला हरकत नाही.

हिवाळ्यात साथ मंदावली. लोकांना वाटले, गेली. पण १६६६ च्या उन्हाळ्यात तिने पुन्हा डोके वर काढले. ज्यांना जाणे परवडत होते अशी काही सधन घरे आधीच निघून गेली होती. मॉम्पेसन यांनीही आपली दोन्ही मुले यॉर्कशायरमध्ये पाठवून दिली. कॅथरीननेही जावे असा त्यांचा आग्रह होता. ती गेली नाही. मुलांना पाठवल्याबद्दल मी मॉम्पेसन यांना दोष देत नाही; कुठल्या बापाने दिला असता? पण त्या वर्षाच्या नोंदवहीतली लहान मुलांची नावे वाचताना ही गोष्ट विसरता येत नाही, एवढे खरे.

जूनमध्ये मॉम्पेसन स्टॅन्ली यांच्याकडे गेले. कोण आधी बोलले, काय बोलले, हे लिहून ठेवलेले नाही. एक राजपक्षाचा, एक प्युरिटन. एकाची जागा दुसऱ्याची होती. पण दोघांनी मिळून गावापुढे तीन गोष्टी ठेवल्या. पहिली, मेलेल्यांचे विधिपूर्वक दफन चर्चच्या आवारात होणार नाही. ज्याने त्याने आपला माणूस आपल्याच शेतात, परसात, लवकरात लवकर पुरावा. दुसरी, चर्चला कुलूप लागेल. उपासना उघड्यावर होईल. तिसरी, गावाभोवती हद्द आखली जाईल आणि साथ संपेपर्यंत ती कुणी ओलांडणार नाही.

तिसऱ्या गोष्टीबद्दल जग बोलते. पहिल्या दोन गोष्टी मला अधिक अवघड वाटतात. चर्चच्या आवारातल्या मातीत, प्रार्थना होऊन, घंटा वाजून आपले दफन व्हावे ही त्या लोकांची शेवटची इच्छा असे. आपल्याकडे मरणाऱ्याच्या तोंडात गंगा पडावी, दहावे-तेरावे नीट व्हावे म्हणून माणसाचा जीव अडकतो ना, तसेच. चर्चपाशी देण्यासारखी सर्वांत मोठी गोष्ट ती होती, आणि पाद्र्यांनी नेमकी तीच काढून घेतली. प्लेगच्या काळात दाटीने बसलेली माणसे आणि अंत्ययात्रेतली गर्दी रोग वाढवते, एवढे त्यांना अनुभवाने दिसत होते. सेवा करायची तर दार बंद करावे लागणार होते. नव्या रेक्टराने एकट्याने हे सांगितले असते तर गावाने ऐकले असते का? मला नाही वाटत. म्हणून स्टॅन्ली हवे होते.

गावाजवळ ककलेट डेल्फ नावाची एक गवताळ घळ आहे. तिथे एक कमानीसारखा खडक आहे. मॉम्पेसन त्या खडकात उभे राहून प्रवचन करीत आणि कुटुंबे एकमेकांपासून अंतर ठेवून उतारावर उभी राहत. हद्दीवर स्टोनी मिडल्टन गावाच्या वाटेवर एक मोठा दगड आहे. त्याला भोके पाडलेली आहेत. शेजारगावचे लोक तिथे अन्न ठेवून जात आणि ईमचे लोक पैसे शिरक्याने भरलेल्या भोकांत टाकत. उत्तरेला डोंगरावर एक झरा आहे, तिथेही तीच रीत. आज त्याला मॉम्पेसनची विहीर म्हणतात. या सगळ्याच्या मागे चॅट्सवर्थचे जहागीरदार, डेव्हनशायरचे अर्ल होते. मॉम्पेसन यांनी त्यांच्याशी बोलणे केले आणि गावाला शिधा पुरवण्याचे त्यांनी मान्य केले. नुसत्या प्रवचनाने पोट भरत नाही. गाव हद्दीच्या आत थांबले ते शिधा हद्दीपर्यंत आला म्हणून, आणि शिधा आणायला जो शब्द टाकावा लागला तो चर्चने टाकला.

ऑगस्ट सर्वांत वाईट गेला. त्या एका महिन्यात पाऊणशेहून अधिक माणसे गेली. गावाबाहेर राइली नावाच्या शेतात हँकॉक कुटुंब राहत होते. ३ ते १० ऑगस्ट या आठ दिवसांत एलिझाबेथ हँकॉक हिने आपला नवरा आणि सहा मुले पुरली. एकटीने. तिने प्रत्येकाला कापडाने बांधून शेतापर्यंत ओढत नेले, आणि स्टोनी मिडल्टनचे लोक समोरच्या टेकडीवरून पाहत होते असे सांगतात. जवळ येण्याची कुणाची छाती नव्हती. ती स्वतः वाचली. राइलीच्या थडग्यांभोवती आता एक गोल दगडी कुंपण आहे. नोंदवहीत यांतल्या एकेकाला एकेक ओळ मिळाली.

गावात मार्शल हाउ नावाचा एक दांडगा माणूस होता. त्याला रोग होऊन तो बरा झाला, म्हणून आपल्याला आता पुन्हा होणार नाही असे त्याने धरले, आणि ज्या घरात पुरायला कुणी उरले नाही तिथली प्रेते तो पुरू लागला. मजुरी म्हणून मेलेल्याच्या घरातली चीजवस्तू उचलून नेई, असे गावात सांगत. पुढे त्याची बायको आणि मुलगा दोघेही गेले. गावाच्या आठवणीत मार्शल हाउ थोडा बागुलबुवा झाला आहे. पण विचार करा, चर्चने दफन सोडून दिल्यावर ते काम कुणाला तरी करावेच लागणार होते.

२५ ऑगस्ट १६६६ रोजी कॅथरीन मॉम्पेसन वारली. वय सत्तावीसच्या आसपास. ती घरोघर आजाऱ्यांकडे जात होती. तिची कबर मात्र चर्चच्या आवारात, जुन्या क्रूसाजवळ आहे. मॉम्पेसन यांनी मुलांना आईच्या मृत्यूचे पत्र लिहिले, ते आज उपलब्ध आहे. स्वतःही जगत नाही असे समजून त्यांनी आपल्या आश्रयदात्याला निरोपाचे पत्र लिहिले होते. पण ते जगले. १ नोव्हेंबरला शेवटचा मृत्यू झाला. त्यानंतर त्याच महिन्यात लिहिलेल्या पत्रात त्यांनी हिशेब दिला आहे: शहात्तर घरांत रोग शिरला आणि दोनशे एकोणसाठ माणसे गेली.

यापुढचा प्रश्न असा, की हे सगळे खरोखरीच गावाने आपण होऊन केले का? पूर्वीच्या पुस्तकांत गावाची वस्ती साडेतीनशे आणि त्यांतले त्र्याऐंशीच उरले असे छापले जाई. नव्या संशोधनाने वस्ती त्याच्या दुपटीच्या आसपास होती असे दाखवले. तरीही तीन माणसांमागे एक गेले, हा आकडा काही लहान नाही. नोंदवहीची आज दिसणारी प्रतही मूळची नव्हे, पुढच्या एका रेक्टरने उतरवलेली आहे. आणि कायदा होताच. १६०४ च्या प्लेग कायद्याप्रमाणे अंगावर प्लेगची गाठ असताना बंदी मोडून बाहेर हिंडणाऱ्याला फाशी होऊ शके. शेजारची गावे पहाऱ्यावर होती. ईमकडच्या लोकांना अडवण्याचा खर्च शेफील्डच्या हिशेबात पडलेला आहे. ईमची एक बाई टाइड्झवेलच्या बाजाराला गेली, ती ओळखली जाताच लोकांनी तिला चिखल आणि दगड मारून पिटाळले, अशीही एक आठवण गाव सांगते. त्यात १६६२ चा कायदा. परक्या गावात गरिबाला एरवीच थारा नाही, मग प्लेगच्या गावच्या गरिबाला कोण देणार? तेव्हा गावातले पुष्कळ लोक थांबले ते त्यागाने, की जायला जागा नव्हती म्हणून? माझे मत विचाराल तर दोन्ही. ज्यांना जाता येत होते ते बरेचसे जूनच्या आधी गेले. राहिले त्यांना चर्चने हुकूम दिला नाही, विचारले. आणि मरणाच्या बदल्यात अन्न, नोंद व सोबत देऊ केली. हा फरक मला मोठा वाटतो.

आपल्याकडच्या वाचकाला या ठिकाणी पुण्याची आठवण होईलच. १८९७ साली पुण्यात प्लेग कमिटीने सोल्जरांकरवी घरे तपासली, माणसे वेगळ्या छावणीत नेली. रोग्याला वेगळे ठेवावे ही गोष्ट तीच होती. पण ती बुटांच्या पायांनी देवघरापर्यंत आली आणि लोकांचा क्षोभ झाला. त्याचा शेवट २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीत झाला, हे सर्वांना माहीत आहे. त्याच साथीत सावित्रीबाई फुले आजाऱ्यांची सेवा करताना १० मार्चला गेल्या. कॅथरीनची गोष्ट वाचताना मला त्यांची आठवण होते.

आणखी एक तुलना आहे ती मात्र ईमच्या विरुद्ध जाते. आपल्या खेड्यांतून घरात उंदीर पडू लागले की सारे गाव उठून माळावर झोपड्या घालून राही. उंदीर मागे गावात राहिले, पिसवा मागे राहिल्या. ते शास्त्राला धरून होते. ईमचे लोक आपापल्या घरांतच राहिले. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काही इंग्रज वैद्यांनी स्पष्टच लिहिले की मॉम्पेसन यांचा हेतू चांगला, पण उपाय चुकला. गाव रानात पांगले असते तर पुष्कळ जगले असते. हा आरोप बरेच दिवस तसाच उभा होता. २०१६ साली दोन संशोधकांनी याच नोंदवहीतल्या तारखा, घरे आणि नाती गणिताने पुन्हा तपासली. त्यांच्या अंदाजाप्रमाणे ईममधली सुमारे पाऊण लागण उंदरांकडून नव्हे, माणसाकडून माणसाला झाली होती. एकाच घरात तर फारच. तसे असेल तर चर्चला कुलूप घालणे आणि शेतात अंतरावर उभे राहणे यात अर्थ होता. घरात मात्र कुणी कुणापासून लांब राहू शकले नाही. आणि हेही सांगितले पाहिजे की हे गणित मांडता आले ते १५३८ च्या त्या जुन्या हुकुमामुळे. माणसे मरत असताना कुणीतरी रोज नावे लिहीत होते. त्या वहीवरून साडेतीनशे वर्षांनी हिशेब लागला.

मॉम्पेसन १६७० च्या सुमारास नॉटिंगहॅमशायरमधल्या ईक्रिंग गावी बदलून गेले. तिथल्या लोकांनी प्लेगच्या भीतीने त्यांना काही दिवस गावात घेतले नाही आणि ते बाहेर झोपडीत राहून झाडाखाली प्रवचन करीत, अशी तिकडची परंपरा आहे. स्टॅन्ली कुठेच गेले नाहीत. त्यांना गावाबाहेर काढावे म्हणून काही जण अर्लसाहेबांकडे गेले होते. अर्लसाहेबांनी उलट त्यांचीच बाजू घेतली, असे सांगतात. १६७० साली ते ईममध्येच वारले.

१८६६ साली, साथीला दोनशे वर्षे झाली तेव्हा, गावाने मोठा स्मरणोत्सव केला. आता दर वर्षी ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी गावकरी आणि बाहेरून आलेले लोक चर्चपासून ककलेट डेल्फपर्यंत चालत जातात आणि उपासना तिथे उघड्यावर होते. चर्चमध्ये १९८५ साली रंगीत काचांची एक खिडकी बसवली आहे. तीत प्लेगच्या वर्षातली माणसे आहेत. कॅथरीनच्या कबरीवर त्या रविवारी फुलांचे चक्र ठेवतात. एलिझाबेथ हँकॉकच्या माणसांकडे जायला मात्र गावाबाहेरचा चढ चढावा लागतो.